उजवीकडचा उजेड

बाकांचे स्क्रू निघाले तरी दादा आणि बाई एकमेकांशी बोलत नव्हते. सख्खी भावंडं, दोघंही साठीला टेकलेली, आणि दोघंही पहिलीच्या वर्गात पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली. दोघांच्या मध्ये आप्पा. आप्पा शहाऐंशी वर्षांचे, या दोघांचे वडील, आणि वयानं इतके आटलेले की त्या बाकात तेवढे एकटेच व्यवस्थित मावत होते.

स्क्रू दादाच्या माणसांनी आदल्या दिवशी काढले होते. दादा बांधकामाचा कंत्राटदार. सोमवारी सकाळी ही शाळा पाडायचं काम त्यानंच घेतलं होतं. आपल्या आजोबांच्या भिंतीला परक्यानं हात लावण्यापेक्षा आपणच लावलेला बरा, असं त्याचं म्हणणं. बाई याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं इथं काढल्यामुळे त्यांना सगळं गाव बाई म्हणे, घरातले बाई म्हणत, आणि आप्पासुद्धा पोटच्या मुलीला बाईच म्हणत. शाळा वाचावी म्हणून त्यांनी जुन्या इमारतींच्या खात्याकडे सतरा अर्ज केले होते. मग अठरावा अर्ज कृपया करू नये असं पत्र आलं, आणि त्यातच शनिवारी दहा वाजता एक साहेब पाहणीला येतील, इमारत बांधणाऱ्याच्या वारसांनी हजर राहावं, असंही होतं. म्हणून सगळे हजर होते. शाळा राहणार की जाणार, ते आज दुपारच्या जेवणाआधी ठरायचं होतं.

चौथी होती धाकटी, म्हणजे धाकट्या भावाची बायको. धाकटा जहाजावर असतो आणि घरात काही ठरायचं असलं की नेमका समुद्रात असतो, हे आता नव्यानं सांगायला नको. धाकटी शिवणकाम करते. गावातल्या पोरांचे गणवेश तिच्याच दुकानातून जातात. आज कुठंतरी सही करावी लागणार म्हणून तिनं पर्समध्ये पेन घेतलं होतं, पण सहीची वेळ आपल्यावर येऊ नये असंही तिला वाटत होतं. कारण या घराण्यात लिहायचं ते डाव्या हातानं.

त्याचं मूळ याच खोलीत होतं. ही शाळा बांधली थोरल्या मिस्त्रींनी, आप्पांच्या वडिलांनी. त्या काळी शाळा कशी असावी याचे नियम ठरलेले होते आणि मिस्त्रींनी ते सगळे पाळले होते. छत चौदा फूट उंच, म्हणजे चाळीस पोरांचा श्वास वर जायला जागा. खिडक्यांची खालची कड पोरांच्या डोक्याच्या वर, म्हणजे उजेड आत यावा पण पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये. जिन्याच्या पायऱ्या चार-चार इंचांच्या, पोरांच्या ढांगेच्या. एवढं सगळं नियमात. फक्त एकच गोष्ट हुकली. नियम सांगत होता की उजेड मुलांच्या डावीकडून आला पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडते. या शाळेत आठही वर्गांत तो उजवीकडून येत होता.

शाळा सुरू होऊन सहा महिने झाले तेव्हा हेडमास्तर ही तक्रार घेऊन मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी पापणी न हलवता सांगितलं की ही नवी पद्धत आहे, यात पोरांनी डाव्या हातानं लिहायचं असतं. हेडमास्तरांना ते पटलं. एकतर मिस्त्रींच्या मिश्या पटण्यासारख्या होत्या, आणि दुसरं म्हणजे मिस्त्रींनी बाकं जमिनीला स्क्रूनं पक्की केली होती. पुढं बावीस वर्षं त्या गावात झाडून सगळी पोरं डाव्या हातानं लिहीत होती. पोस्टातला दौत-टाक डावीकडे बांधलेला होता. परगावचे कारकून नुसत्या अक्षराच्या कलावरून पाकीट कुठून आलं ते सांगायचे. मग विजेचे दिवे आले आणि शाळा कुणाला न विचारता गुपचूप उजव्या हातावर आली. घराणं मात्र आलं नाही. घरात सून आली की तिला एक वही आणि सहा महिन्यांची मुदत मिळे. धाकटीनं ती वही मोरीचं दार लावून उजव्या हातानं भरली होती, आणि ही गोष्ट एकोणीस वर्षं तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

दुसरी गंमत दारांची. मुलांचं दार वेगळं, मुलींचं वेगळं, तेही नियमाप्रमाणे. पण रस्त्यावरची फाटकं दुसऱ्याच कुणी बांधली, आणि मुलांच्या फाटकासमोर मुलींचं दार आलं. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ सगळी मुलं आणि सगळ्या मुली पटांगणाच्या मधोमध एकमेकांतून आरपार जात. गावातली निम्मी लग्नं त्या पटांगणात ठरली असं जुनी माणसं सांगतात. दादाचं तर नक्कीच.

साहेब दहाला आले. तिशीतला, चष्मेवाला, हातात पत्र्याची लांब नळी घेतलेला मुलगाच होता तो. बाईंनी त्याला टेबलाजवळ उभा केला आणि तो नापास झाल्यासारखा उभा राहिला. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं, की एकाच नकाशावर त्या वर्षी अकरा शाळा बांधल्या गेल्या. त्यांतली एक खातं जतन करणार. नदीपलीकडच्या शाळेच्या काचासुद्धा मूळच्या आहेत, त्यामुळे ती पहिली. ही चौथी.

"चौथी?" बाई म्हणाल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या शाळेला कुणी चौथा नंबर दिला नव्हता.

साहेबांनी नळीतून मूळ नकाशा काढला. पातळ, मेण लावल्यासारख्या कापडावर काढलेला, खालचं टेबल त्यातून दिसत होतं. तो पसरून साहेब काही वेळ बघत राहिले. मग नकाशा घेऊन बाहेर गेले. खिडक्या उंच असल्यामुळे ते कुठं फिरतायत ते कुणाला दिसलं नाही, फक्त पावलं ऐकू येत होती. इमारतीला दोन फेऱ्या घालून ते घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले की ही शाळा या नकाशातली नाही. नकाशात जिना डावीकडे आहे, इथं उजवीकडे. घंटेची खोली पूर्वेला हवी, ती पश्चिमेला आहे.

"मग अकरात मोजली कशी?" दादानं विचारलं.

"तेच म्हणतोय. मग ही कुणाची?"

धाकटी इतका वेळ भिंतीशी उभी होती. तिला ते कापड बघताक्षणी ओळखीचं वाटलं होतं. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या होत्या, तेव्हाही असंच काहीच जुळत नव्हतं. तिनं पुढं होऊन नकाशाची दोन टोकं धरली आणि चादर झटकून पालटावी तसा तो पालथा टाकला. जिना जिन्याच्या जागी आला. घंटा पश्चिमेला गेली. मुलांचं दार मुलांच्या दारावर बसलं.

"मागच्या बाजूनं वाचलाय हा," ती म्हणाली.

साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो सरकारी नव्हता. अशी उलटी इमारत त्यांनी कधी पाहिली नव्हती, पुस्तकातही नाही. नियमात 'एकमेव' म्हणून एक कलम होतं आणि त्यात ही शाळा चपखल बसत होती. चौथी नाही, एकटीच. फक्त एक अडचण. मुद्दाम उलटी बांधली असेल तर ते ऐंशी वर्षांचं विनापरवाना बांधकाम होतं, आणि ते सोमवारी पाडलंच पाहिजे. चुकून बांधली असेल तर मात्र ती कायमची राहील. तेव्हा चूक झाली असं वारसांनी लिहून द्यावं.

बाई ताडकन उठल्या. म्हणजे त्या उठल्या आणि बाकही उठलं, कारण बाकाला स्क्रू नव्हते आणि बाई त्यात घट्ट बसल्या होत्या. दादा धावला. त्यानं बाक खाली खेचलं, बाईंना वर खेचलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"तुला लागलं नाही ना?"

"लागलं. पण इथं नाही," बाई म्हणाल्या. "आजोबांची चूक म्हणे."

"तू बस. मी बोलतो."

"तूच बोल."

आणि दादानं साहेबांना ठणकावून सांगितलं की शाळा पडायची तर पडेल, पण आमच्या आजोबांची चूक म्हणून उभी राहणार नाही. बाईंनी मान डोलावली. जिच्यासाठी त्यांनी सतरा अर्ज केले होते ती शाळा आता ताठ मानेनं पडली पाहिजे, असं त्यांनाही वाटू लागलं होतं. पंधरा मिनिटांपूर्वी एक जण पाडायला निघाला होता आणि एक जण वाचवायला. आता दोघं खांद्याला खांदा लावून पाडायला निघाले. साहेबांनी फायलीत पुन्हा बघितलं की अर्जदार नक्की कोण.

"चूक काय, कुणाचीही होते," धाकटी म्हणाली.

"तू बाहेरून आलेली आहेस," बाई म्हणाल्या. "तुला नाही कळायचं."

एकोणीस वर्षं झाली तरी बाहेरून आलेली ती आलेलीच. पण तिला वाईट त्याचं वाटलं नाही. तिचं लक्ष आप्पांकडे होतं. नकाशा पालथा पडल्यापासून आप्पांनी मान वर केली नव्हती, आणि त्यांचा उजवा हात बाकावर पाटीपेन्सिल धरल्यासारखा मुडपलेला होता.

साहेब चांगल्या मनाचे होते, पण त्यांना नियमानं शंका आलीच. या बाजूनं पाहिलं तर नकाशावरची सगळी अक्षरं उलटी दिसतात. काम चौदा महिने चाललं होतं. वाचता येणारा कुठलाही माणूस पहिल्याच दिवशी म्हणेल, हे उलटं आहे. तेव्हा चूक शक्य नाही. हे मुद्दामच केलेलं.

"मग? मी काय सांगतोय?" दादाला एकदम जोर चढला. आजोबांना वाचता येत होतं, नुसतं येत नव्हतं तर त्यांनी दोन्ही दारांवरची अक्षरं स्वतःच्या हातानं दगडात कोरली होती, आणि ती इतकी देखणी होती की शाळेच्या पंचांनी जळून त्यांवर गिलावा मारला. हे घरातल्या प्रत्येकानं लहानपणापासून ऐकलं होतं. दादानं आता ते दाखवायचं ठरवलं. छिन्नी-हातोडा त्याच्या गाडीत असतोच.

"नको," आप्पा म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही. खरं म्हणजे बाईंनी ऐकलं, पण त्यांना ते बाहेरच्या उन्हाविषयी वाटलं.

सगळे बाहेर गेले. दादा मुलांच्या दारापुढं स्टुलावर चढला. हात मिस्त्र्याच्या नातवाचा, दगडाला ओरखडा न येऊ देता त्यानं गिलाव्याची खपली काढली. एक घाव, दोन घाव, तिसऱ्याला सगळं पापुद्र्यासारखं सुटलं. खाली खरोखरच अक्षरं होती. खोल, गुळगुळीत, एकसारख्या जाडीची, अतिशय देखणी. आणि उलटी. 'मुले' हा शब्द आरशात दिसावा तसा दाराच्या डोक्यावर उभा होता.

दादानं तो पहिलीतल्या पोरासारखा बोट लावून वाचायचा प्रयत्न केला. मग स्टूल उचललं, पटांगण ओलांडलं आणि मुलींच्या दारावरचाही गिलावा काढला. तिथंही तसंच. तो स्टुलावरून उतरला नाही, तिथंच बसला. आपल्याच हातानं त्यानं हे उघडं केलं होतं.

आप्पाही सगळ्यांमागून काठी टेकत त्या दारापर्यंत आले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. वर काय आहे ते त्यांना ऐंशी वर्षं पाठ होतं.

"गिलावा पंचांनी नाही मारला," ते म्हणाले. "बाबांनी मारला. माझ्यामुळे."

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही सांगितलं, मध्ये थांबत, एकदा धाकटीकडून पाणी मागून घेत. शाळा उघडली तेव्हा आप्पा सहा वर्षांचे, पहिल्या तुकडीतले. गावात कुणाला वाचता येत नव्हतं. म्हणून तर शाळा बांधली होती. हेडमास्तरांना वाचता यायचं, पण त्यांना चार हातांपलीकडचं दिसायचं नाही. त्यामुळे दारावरची अक्षरं उलटी आहेत हे कळायला, कुणालातरी वाचायला शिकावं लागलं. पाच महिने लागले. तुकडीत सगळ्यांत आधी शिकले ते आप्पा. त्या संध्याकाळी मिस्त्री पोराला न्यायला आले, त्यांना कळलं की पोरगा वाचायला लागला, आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतला.

"म्हणाले, वाच बघू बाबानं काय लिहिलंय. इतके खूश होते. मी म्हटलं, बाबा, ते उलटं आहे."

मिस्त्री आधी हसले. मग त्यांनी पोराला खाली ठेवलं आणि मातीत काडीनं सरळ काढून दाखवायला सांगितलं. पोरानं काढलं. त्यांनी मातीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, पुन्हा मातीकडे पाहिलं. मग सगळ्या इमारतीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"त्यांना वाचता येत नव्हतं," आप्पा म्हणाले. "त्यांनी चित्र म्हणून कोरली होती ती."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत गिलावा झाला होता. कुणाला सांगू नकोस म्हणाले, आणि आप्पांनी सांगितलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात हेडमास्तर सावलीची तक्रार घेऊन आले. इमारत तर फिरवता येत नव्हती, म्हणून मिस्त्रींनी पोराचा हात फिरवला. आप्पा शाळेतले पहिले डावरे. त्यानंतर मिस्त्रींनी शाळेच्या आत कधी पाऊल ठेवलं नाही.

"मी वाचायला शिकलो नसतो तर त्यांना कळलंच नसतं," आप्पा म्हणाले. "खुशीत राहिले असते ते."

बाईंनी हजारो पोरांना वाचायला शिकवलं होतं. त्यातून कुणाचं काही हिरावलं जात असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना आप्पांचा हात धरावासा वाटला, पण कुठला धरावा ते कळेना. दादा स्टुलावर बसून हातोडा रुमालानं पुसत होता, आणि तो पुसून झाल्यावर डोळे.

"लिहा साहेब," आप्पा म्हणाले. "नकाशा उलटा धरला. वाचता येत नव्हतं म्हणून. मी सही करतो."

दादानं स्टूल उचललं, बाईंनी दार उघडून धरलं, आणि सगळे आत आले. साहेबांनी टेबलाशी बसून दोन परिच्छेद लिहिले, तोपर्यंत आप्पा पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसले. धाकटीनं पेन पुढं केलं. आप्पांनी ते उजव्या हातात घेतलं.

"आप्पा, हात," बाई म्हणाल्या. सवयीनं तोंडून गेलं.

"हाही माझाच आहे."

त्यांनी कागद पुढं ओढला. अकराचा सुमार, उंच खिडक्यांतून उजवीकडून भरघोस उजेड येत होता, आणि आप्पांच्या मुठीची सावली नेमकी सहीच्या रेघेवर पडली. त्यांनी कागद सरकवला, सावली सरकली. मान वाकडी केली, तरी तेच. साहेबांनी दिव्याचं बटण दाबलं. पण वीज दादानं शुक्रवारीच तोडून घेतली होती.

"दिसत नाही काही," आप्पा म्हणाले. "हेडमास्तर खोटं सांगत नव्हते."

दादा उठला. तो बाकाच्या एका टोकाशी गेला आणि दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. बाईंना कळलं. त्यांनी ते टोक धरलं. "सांभाळून," एवढंच दादा म्हणाला, आणि दोघांनी आप्पांसकट ते बाक उचललं, फळ्याकडचं तोंड मागच्या भिंतीकडे केलं आणि खाली ठेवलं.

उजेड डावीकडून आला. कागद लख्ख झाला.

बाक फिरवायचं होतं, एवढंच होतं ते. बावीस वर्षं अख्ख्या गावानं हात बदलला, तीन पिढ्यांनी सह्या बदलल्या, सुनांनी वह्या भरल्या, आणि बाक फिरवायचं कुणाला सुचलं नाही, कारण मिस्त्रींनी ते पक्कं केलं होतं. बाई तर चौतीस वर्षं दर सुट्टीत ते स्क्रू जातीनं उभ्या राहून आवळून घेत आल्या होत्या.

आप्पांनी सही केली. सावकाश, जीभ दातांत धरून. शहाऐंशी वर्षांच्या माणसाची सही, पण अक्षर सहा वर्षांच्या पोराचं, कारण त्या हाताचं शिक्षण तिथंच थांबलं होतं. साहेब म्हणाले की दप्तरातल्या सहीशी ही जुळत नाही, तेव्हा दोन साक्षीदार लागतील. दादानं सही केली, डाव्या हातानं. मग धाकटीनं पेन घेतलं आणि सगळ्यांदेखत उजव्या हातानं सही केली. बाईंनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"बाई," आप्पांनी विचारलं, "बरोबर आलं का?"

बाई जवळ आल्या. चष्मा लावून त्यांनी एकेक अक्षर पाहिलं, पोरांच्या वह्या पाहत तसं.

"बरोबर आलं, आप्पा. सगळं सरळ आलं."

आप्पांनी कागद उचलून उजेडात धरला. साहेब हात पुढं करून उभे होते, पण ते देईनात.

"बाबांना दाखवायला हवं होतं," ते म्हणाले.